आधी वही, मग सुई

सांगलीत रजोनिवृत्तीच्या गरम वाफांवर, म्हणजे अंगात अचानक उसळणाऱ्या उष्णतेवर, अ‍ॅक्युपंक्चरची चाचणी आखताय ना, मग आधी ऋतू बघा. फेब्रुवारीत सुरू करून मेमध्ये संपवली, तर 'आधी-नंतर'चा फरक उन्हातच विरघळेल.

पहिले दोन आठवडे सुई नाही, फक्त वही. प्रत्येक वाफेची नोंद: सौम्य 1, मध्यम 2, तीव्र 3. रात्रीच्या वाफा सकाळी उठल्याउठल्या लिहायला सांगा. रविवारी एका बैठकीत भरलेली वही लगेच ओळखू येते, सगळे आकडे एकाच शाईत, एकाच वळणाचे.

खरी डोकेदुखी तुलनेच्या गटाची, म्हणजे ज्यांना खोटी सुई द्यायची त्या बायकांची. चुकीच्या बिंदूवर खरी सुई टोचली तरी शरीर प्रतिसाद देऊ शकतं. त्यापेक्षा त्वचेत न शिरणारी बोथट सुई बरी. आधी अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्या बायका मात्र घेऊ नका, त्यांना फरक कळतो. शेवटी प्रत्येकीला विचारा, 'तुम्हाला कुठली सुई होती असं वाटतं?'

2016च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत 327 बायका होत्या, 8 आठवड्यांत 10 वेळा उपचार. वाफा खऱ्या आणि बोथट सुईच्या दोन्ही गटांत घटल्या, गटागटांत फरक नाही! त्यामुळे बायकांची संख्या ठरवताना खोट्या सुईनेही आराम पडणार हे धरूनच चाला. आणि सीटीआरआयची, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतली, नोंदणी पहिली बाई दाखल होण्याआधी. नंतर चालत नाही.