तुमचे प्रश्न : वेल्डिंगला रोबो लावावा का?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटचं मिग वेल्डिंग (टॉर्चमधून सतत पुढे येणारी वायर वितळवून जोडणं) करतो. चांगले वेल्डर टिकत नाहीत. रोबो घ्यावा का? मुळात हे यंत्र निघालं कशासाठी? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी मुळाचं. अमेरिकेत जॉर्ज डेव्होल यांनी १९५४ मध्ये अशा यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६१ मध्ये ते मिळालं. त्याच वर्षी त्यांचा ‘युनिमेट’ हा रोबो जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात कामाला लागला. काम होतं डायकास्टिंग मशीनमधून (वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवणारं यंत्र) तापलेले भाग बाहेर काढायचं. हायड्रॉलिक हात, हालचालींचा क्रम चुंबकीय ड्रमवर साठवलेला. डोळे नव्हते. साध्या वेल्डिंग रोबोलाही नसतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

तुकडा थोडा सरकला तर वेल्डर टॉर्च आपोआप वळवतो. रोबो शिकवलेल्या जागीच जातो. १.२ मिमी वायर असेल तर सांध्यापासून ०.६ मिमीच्या आत राहायला हवं. त्यापलीकडे टाका एकाच कडेवर चढतो. कॅटलॉगमधला ±०.०८ मिमी हा आकडा रोबोचा हात त्याच जागी किती नेमका परत येतो त्याचा, तुमच्या पत्र्याचा नव्हे. म्हणून ऑर्डर देण्याआधी एका लॉटमधले वीस ब्रॅकेट फिक्स्चरवर (तुकडे जागच्या जागी धरणारा साचा) बसवून सांध्यात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. फट कुठे शून्य, कुठे दीड मिमी निघाली, तर पैसा आधी कटिंग, बेंडिंग आणि क्लॅम्पवर घाला.

फट आटोक्यात असेल तर फायदा नक्की. दोन टेबलं ठेवा : एकावर वेल्डिंग चालू असताना ऑपरेटर दुसऱ्यावर माल भरतो, आर्क थांबत नाही. करंट-व्होल्टेज जुळवायला मात्र जाणता वेल्डर लागतोच, तो सोडू नका.

नेहमीची चूक काँटॅक्ट टिपची, म्हणजे टॉर्चच्या टोकाला वायर जिथून बाहेर येते त्या तांब्याच्या नळीची. भोक झिजून लांबट होतं, वायर भरकटते, आणि ऑपरेटर टिप बदलायचं सोडून प्रोग्रॅमचे पॉइंट सरकवत बसतो. पुढे नवी टिप लागली की सगळे पॉइंट चुकलेले! पॉइंटला हात लावण्याआधी टिप बदलून बघायची.

नागपूरपुरती एक गोष्ट : रोबो चालवणारे बहुतेक कंट्रोलर भोवतालच्या ४५ अंशांपर्यंतच चालवायचे असतात. नवतपात पत्र्याच्या शेडखाली तेवढं सहज होतं. कंट्रोलरचं कॅबिनेट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, फिल्टर दर आठवड्याला झटका, जमल्यास कॅबिनेटला एसी बसवा. एन्कोडरची (सांधे किती फिरले ते मोजणारा भाग) बॅटरी कंट्रोलर चालू ठेवूनच बदला; बंद करून काढली तर रोबो स्वतःचं शून्य विसरतो आणि मास्टरिंग, म्हणजे ते शून्य ठरवणं, नव्याने करावं लागतं.