खिडकीच्या काचेला इंग्रजीत 'ग्लास' म्हणायचं की 'पेन'? एक्सेलमधलं 'फ्रीज पेन्स' आणि दुखण्याचं 'पेन' यांचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण पहिल्यावर जास्त रेंगाळणार आहे. भाषांतराच्या कामात हा शब्द माझ्यासमोर सतत येतो आणि तो मला फार आवडतो.

आधी रोजच्या वापराचं. काच हा पदार्थ म्हणजे ग्लास, आणि चौकटीत बसवलेला त्याचा एकेक तुकडा म्हणजे पेन, स्पेलिंग पी-ए-एन-ई. मराठीत याला तंतोतंत जुळणारा शब्द आहे: तावदान. बोलताना आपण सरसकट 'काच' म्हणतो आणि काम भागतं. इंग्रजीत मात्र भागत नाही, कारण पदार्थ म्हणून ग्लास मोजता येत नाही. त्याच्याआधी 'अ' किंवा 'टू' लावलं की ऐकणाऱ्याला पाण्याचे पेले दिसतात. 'आय ब्रोक अ ग्लास' म्हणालात तर तुमच्या हातून पेला फुटला असंच कोणीही समजेल. खिडकीच्या दोन काचा फुटल्या असतील तर 'टू पेन्स ऑफ ग्लास' किंवा सरळ 'टू विंडोपेन्स' म्हणा. मोजायचंच नसेल तर 'द विंडो इज ब्रोकन' पुरतं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बऱ्याचदा एवढंच म्हणतात. गाडीच्या पुढच्या काचेला पेन म्हणत नाहीत, ती विंडस्क्रीन किंवा विंडशील्ड. चष्म्याची काच म्हणजे लेन्स. दारात लाकडाचा भाग असेल तो पॅनेल, काचेचा असेल तो पेन.

आता मुळाकडे. लॅटिनमध्ये 'पान्नुस' म्हणजे कापडाचा तुकडा. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये 'पान' झालं आणि इंग्रजीत 'पेन'. काचेशी त्याचा सुरुवातीला काहीच संबंध नव्हता. कपड्याचा एक भाग, भिंतीची एक बाजू, असा कोणताही कडा असलेला तुकडा म्हणजे पेन. सोळाव्या शतकातले इंग्रज सरदार फुगीर तुमानी घालत. त्यांना कापडाच्या सुट्या उभ्या पट्ट्या असत आणि फटींमधून आतलं रंगीत अस्तर दिसे. त्या पट्ट्यांनाही पेन्सच म्हणत. पॅनेल हा याच घरातला शब्द. ज्युरीतल्या लोकांची नावं ज्या कातड्याच्या पट्टीवर लिहीत ती पॅनेल, म्हणून आजही तज्ज्ञांचं 'पॅनेल' असतं.

मग हा शब्द काचेला का चिकटला? कारण त्या काळी मोठी काच करताच येत नव्हती. कारागीर वितळलेल्या काचेचा गोळा फुंकून फुगवायचा, तो लोखंडी दांड्यावर घेऊन भट्टीच्या तोंडाशी वेगाने फिरवायचा. फिरता फिरता तो पसरून मोठी चपटी तबकडी व्हायची. तबकडीच्या मधोमध दांड्याची जाड गाठ राहायची. ती टाळून जेवढे चौकोन कापता येतील तेवढे कापायचे आणि शिशाच्या किंवा लाकडाच्या पट्ट्यांमध्ये जोडून खिडकी भरायची. जुन्या इंग्लिश खिडक्यांना छोटे छोटे चौकोन दिसतात ते हौसेखातर नाहीत, एवढीच काच मिळत होती म्हणून आहेत. कापडाचे तुकडे जोडावेत तशी काच जोडलेली, तेव्हा शब्दही तोच लागला. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, त्यात सुमारे तीन लाख तावदानं होती, प्रत्येक जेमतेम दहा इंच रुंद आणि एकोणपन्नास इंच लांब. आज आपल्या फ्लॅटच्या सरकत्या खिडक्यांना पूर्ण लांबीची सपाट काच मिळते ती पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीमुळे. त्यात वितळलेल्या कथलावर काच तरंगवत पसरवतात.

बरेच जण विचारतात की पेन म्हणजेच काच, तर 'पेन ऑफ ग्लास' ही द्विरुक्ती नाही का. नाही, कारण तावदान काचेचंच असतं असं नाही, आणि याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या घरांच्या खिडक्या बघा. काच दुर्मिळ होती तेव्हा तिथे पातळ, चपट्या शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या जाळीत बसवत. ऊन गाळून मऊ उजेड आत येई आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नसे. माझ्या मते इतकी देखणी तावदानं काचेचीही होत नाहीत. ज्या कालवाच्या या शिंपल्या (शास्त्रीय नाव प्लाकुना प्लासेंटा), त्याचं इंग्रजी नावच 'विंडोपेन ऑयस्टर' आहे. झुआरी नदीवर चिखलीच्या खाडीत ती सापडतात.

तर एक्सेलचं. हो, तो हाच पेन. संगणकाच्या पडद्यावरच्या चौकोनाला विंडो म्हटलं, की त्या विंडोचे भाग पाडल्यावर होणाऱ्या खणांना पेन्स म्हणणं ओघानेच आलं. 'फ्रीज पेन्स' केलं की शीट खणांमध्ये विभागलं जातं. मथळ्यांचा खण जागचा हलत नाही, बाकीचा सरकत राहतो. फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूचा 'नॅव्हिगेशन पेन' आणि आउटलुकमधला 'रीडिंग पेन' हेही तसेच. आयटीत असाल तर 'सिंगल पेन ऑफ ग्लास' कानावर पडलं असेल: सगळ्या यंत्रणांची स्थिती एकाच पडद्यावर दाखवणारा डॅशबोर्ड. मॅनेजमेंट शिकलेल्यांना जोहारी विंडो आठवेल, म्हणजे आपल्याबद्दल आपल्याला आणि इतरांना काय माहीत आहे ते मांडणारी आकृती; तिचे चार चौकोन हेही पेन्सच. टपाल तिकिटं जमवणारे लोक छापील मोठ्या शीटच्या कापलेल्या भागाला पेन म्हणतात. आणि सुटाच्या कापडात मोठ्या चौकड्यांची जी वीण असते तिला 'विंडोपेन चेक' म्हणतात, म्हणजे कापडातून निघालेला शब्द खिडकीवरून पुन्हा कापडावर आला. मराठी सॉफ्टवेअरमध्ये या पेनसाठी बोजड नवे शब्द घडवण्यापेक्षा 'तावदान' वापरावं असं मला मनापासून वाटतं. तोही फारसीतल्या 'ताबदान'वरून आलेला, उजेड आत घेणाऱ्या झरोक्याचा शब्द आहे, आणि वापरला नाही तर जाईल.

दुखण्याच्या पेनशी, म्हणजे पी-ए-आय-एन, याचं काही नातं नाही. तो लॅटिन 'पोएना' म्हणजे शिक्षा यावरून आला. पेनल्टी आणि पीनल कोड त्याचे भाऊबंद. दोघांचा उच्चार मात्र हुबेहूब एक आहे, 'पेइन'च्या जवळ जाणारा. लिहायच्या पेनचा उच्चार वेगळा, त्यातला 'ए' तोकडा. देवनागरीत तिन्ही 'पेन'च लिहितो म्हणून गोंधळ वाढतो. ऐकून स्पेलिंग लिहायचं असेल तर शेजारी विंडो, ग्लास किंवा स्क्रीनवरचा एखादा भाग आहे का ते बघा. असेल तर ए-एन-ई, आणि दुखण्या-सोसण्याचं काही असेल तर ए-आय-एन.