डीव्हीडीतील चित्रण संगणकावर घेताना

प्रश्न : घरगुती समारंभाच्या डीव्हीडीत एकाच चित्रणाच्या अनेक व्हीओबी फाइली (डीव्हीडीवरील चित्र व आवाज साठवणाऱ्या) दिसतात. एफएफएमपेग ही चित्रण-रूपांतराची आज्ञावली वापरून त्यांची एक फाइल केल्यास दर्जा घसरेल का?

उत्तर : नुसते जोडल्यास घसरणार नाही. डीव्हीडीवरील व्हीओबी फाइल १ जीबीपेक्षा मोठी नसते, म्हणून सलग चित्रणाचेही तुकडे पडतात. नावाच्या शेवटी शून्य असलेली फाइल मेनूची असते. ती वगळून बाकीच्या फाइली ‘कॅट’ या आज्ञेने क्रमाने जोडाव्यात आणि मग एफएफएमपेगला ‘कॉपी’ हा, चित्रण जसेच्या तसे ठेवणारा, पर्याय देऊन त्या एमकेव्ही प्रकारच्या एका फाइलीत बसवाव्यात. वेळेच्या नोंदींबाबत तक्रार आल्यास इनपुटच्या आधी त्या नोंदी नव्याने तयार करणारा ‘जेनपीटीएस’ हा पर्याय लिहावा.

जागा वाचवण्यासाठी चित्रण एच.२६४ या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात करायचे असेल, तर मात्र चित्र नव्याने आवळले जाते आणि थोडा तपशील जातोच. ‘सीआरएफ’चा, म्हणजे दर्जा ठरवणारा, आकडा मुळात २३ असतो; जुन्या चित्रणासाठी मी १८ ते २० ठेवतो, कारण आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, फाइल मात्र मोठी. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या, तर ‘याडिफ’ फिल्टर लावावा. ही पायरी बहुतेकजण विसरतात.

उलट दिशेने जाताना, म्हणजे फाइलवरून डिस्क करताना, नुसते फाइलचे नाव बदलून भागत नाही. ‘पाल-डीव्हीडी’ (पाल या टीव्ही-पद्धतीची डीव्हीडी) हे लक्ष्य दिले की एफएफएमपेग ७२० × ५७६ आकाराचे, सेकंदाला २५ चौकटींचे एमपेग-२ चित्रण तयार करते. त्याची डिस्कवरील मांडणी ‘डीव्हीडीऑथर’ ही वेगळी आज्ञावली करते.