आजीला शिकवायचं कसं?

नातू आला तोच मोबाइलमध्ये पाककृतींची यादी घेऊन. शेजारी आजी, मांडीवर हात ठेवून गप्प. सहा महिन्यांत त्यांचं वजन चार किलोंनी उतरलं होतं.

"मऊ भात नि चहावर दिवस काढते. पौष्टिक काही सांगितलं की म्हणते, महाग पडतं. हिला शिकवायचं कसं?"

आहारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि बहुतेक वेळा तो असाच आजीला वगळून विचारलेला असतो.

पहिल्या भेटीत मीही चुकले. वजन आपोआप उतरतंय म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं, ते बरोबर. पण जन्मभर घराला जेवू घातलेल्या बाईच्या हातात आहाराचा छापील तक्ताही दिला. घडी न मोडता तो परत आला.

तपासण्यांत काळजीचं काही निघालं नाही. मग नातवाला बाहेर बसवून विचारलं, "आजी, खाताना त्रास कशाचा होतो?" कवळी टोचत होती. उसळ चावत नव्हती. 'महाग' हे सांगायला सोपं. शिवाय हाताला माप सहा माणसांचं. एका जिवासाठी कुकर लावायचा तर उरलेलं टाकावं लागतं, त्यानं जीव जळे.

दंतवैद्यांनी कवळी नीट करून दिली. उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढीच). एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत त्याहून किंचित जास्त. म्हणजे स्वस्तातलं स्वयंपाकघरात होतंच, फक्त ते मऊ शिजायला हवं होतं. मीठ मात्र वाढलं होतं. वयानुसार चव मंदावते आणि हात सैल सुटतो. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. बाकीची चव लिंबावर सोपवली; डाळीतलं लोह अंगी लागायलाही ते बरं.

आणि शिकवणी उलटी केली. रविवारी नातवानं आजीकडून डाळ शिकायची, मापं लिहायची, शिजलेली डाळ डब्यांत भरून लगेच फ्रीझरमध्ये टाकायची.

तिसऱ्या भेटीत आजी आधी बोलल्या, "याला अजून डाळ शिजली की नाही ते कळत नाही. बोटानं चेपून बघ म्हटलं, तर घड्याळ बघतो."