पहाटेचा पिवळा दिवा

प्रश्न : यावलहून रोज पहाटे जळगावला निघतो. थंडी पडल्यापासून टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो आणि तापीचा पूल ओलांडेपर्यंत विझतो. सेन्सर बिघडला का?

उत्तर : भाऊ, सेन्सर बिचारा खरंच बोलतोय. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण 1 पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं माप) घटते. तुम्ही 34 अंशांच्या दुपारी हवा भरली, पहाटे पारा 10 वर. म्हणजे चारेक पीएसआय गेले. गाडी पळाली, टायर तापले, दिवा विझला. पंपावर 'किती टाकू?' विचारलं की आपण 'पस्तीस' म्हणून मोकळे! खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तोही थंड टायरचा. तेव्हा सकाळीच, जवळच्या पंपावर भरा.

एकच चाक पुन्हापुन्हा बसत असेल तर मात्र काटा शोधा. माझ्या गाडीत बाभळीचा काटा मोडून रबरात बुडाला होता, नजरेला दिसेना. साबणाचं पाणी ओतलं तेव्हा मोहरीएवढे बुडबुडे आले.

गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तरच सेन्सरवर संशय घ्या.