तुर्कीत "ती आली की नाही माहीत नाही" हे कसं म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की प्रश्न वाक्याच्या पोटात घालायचा तर 'की' कुठे लावायचा आणि तुर्कीतला 'मि' म्हणजे आपला 'का' कुठे. दोन्ही लावू नका. 'बिल्मियोरुम' म्हणजे 'मला माहीत नाही', पण नुसतं 'बिल्मियोरुम की' म्हटलं तर ते 'मला कुठे माहितीय' असं ऐकू येतं, वाक्य तिथंच संपल्यासारखं.

तुर्कीत आतल्या अख्ख्या प्रश्नाचं एक नाम होतं आणि त्याला विभक्ती लागते. 'ती'च्या जागी आयशे हे बाईचं नाव घेऊ, मग तुमचं वाक्य असं होईल:

आयशेनिन गेलिप गेल्मेदीनी बिल्मियोरुम.

आता हे फोडून बघा. आयशे-निन म्हणजे आयशेचं. गेलिप म्हणजे येऊन, हा 'इप' म्हणजे अगदी आपला 'ऊन'च. मग गेल (ये) + मे (न) + दिक + इ (तिचं) + नी (ला), यातला 'क' दोन स्वरांत सापडून इतका मऊ होतो की जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून 'गेल्मेदीनी'. शब्दशः 'आयशेचं येऊन-न-येणं माहीत नाही'. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता ना, कारण सगळे तुकडे आपल्याकडे आहेतच, फक्त आपण ते असे जोडत नाही.

कुठे, कधी, काय असे शब्द असतील तर 'इप'वाली जोडी नको, प्रश्नार्थक शब्द आहे तिथेच राहतो: आयशेनिन नेरेदे ओतुर्दूनु बिल्मियोरुम, आयशे कुठे राहते माहीत नाही. राहायची असंही यातूनच निघतं, 'दिक' वर्तमान आणि भूत दोन्हीला चालतो. भविष्याला मात्र 'एजेक' लागतो. इस्तंबूलमधल्या कादिकोयच्या धक्क्यावर बोटीची वाट बघताना शेजारच्याला विचारायचं तर वापुरुन ने झामान गेलेजेयीनी बिलियोर मुसुनुझ? बोट कधी येईल माहितीय का तुम्हाला? (झामान म्हणजे वेळ, आपला जमाना त्याच घरातला.) इथे शेवटी 'मु' (हे 'मि'चंच रूप) आलाय कारण बाहेरचं वाक्यच प्रश्न आहे, तो आतल्या प्रश्नाचा नाही.

आपली माणसं हमखास चुकतात ते 'निन' गाळण्यात. 'आयशे गेल्दीनी' म्हणून पुढे 'सांगितलं' जोडलंत तर आयशे ही सांगणारी होते, अर्थ होतो की आयशेनंच सांगितलं, बहुधा स्वतः आल्याचं. आणि 'गेल्दीनी' म्हणजे तू आलास हेही आणि तो आला हेही, सेनिन (तुझं) की ओनुन (त्याचं) त्यावरून किंवा संदर्भावरून कळतं, म्हणून सुरुवातीला ते शब्द खाऊ नका.

आणि हे सगळं तोंडात बसेपर्यंत 'विचारलं'बरोबर एक सोपी वाट आहे, बोलताना तुर्की लोकही सर्रास वापरतात: आयशे गेल्दी मि दिये सोर्दु. दिये हे 'म्हणणे' या क्रियापदापासूनच आलंय, त्यामुळे शब्दाला शब्द लावून बघा, आयशे आली का म्हणून विचारलं.