परवाना मिळाला, आता बोलायचं कसं?

भाऊ, हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याबद्दल मनापासून अभिनंदन! सिनेमातली फौजी भाषा मात्र आधी विसर.

‘ओव्हर अँड आउट’ कधीच म्हणू नको. ‘ओव्हर’ म्हणजे माझं झालं, तू बोल. ‘आउट’ म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हटल्यावर समोरच्याने करायचं काय? ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हण. ‘रिपीट’ हा तोफखान्याचा शब्द, अर्थ ‘पुन्हा तसाच मारा करा’. ‘रॉजर’ म्हणजे निरोप मिळाला, ‘विल्को’ म्हणजे मिळाला आणि तसं करतो.

मोठा फरक असा: लष्कर आपली ओळख लपवतं, आपण ती उघड सांगतो. कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं आपलं ओळखचिन्ह, स्पष्ट सांग, गुप्त सांकेतिक भाषा आपल्याला चालत नाही. क्यू-कोड, म्हणजे ‘क्यू’ने सुरू होणारी तीन अक्षरी संक्षिप्त रूपं, उघडच असतात, सुरुवातीला तीन पुरेत:

- क्यूटीएच: ठिकाण
- क्यूएसएल: पोच
- क्यूआरएम: इतर स्टेशनांचा अडथळा

१९५६ पासूनची अल्फा-ब्राव्हो अक्षरं (‘ए’साठी अल्फा, ‘बी’साठी ब्राव्हो) लष्कराची आणि आपली सारखीच, ती आजच पाठ कर. भुसावळला गच्चीवरून मी ‘बी, बी’ ओरडत होतो, पलीकडे ‘डी’च ऐकू जात होतं. ‘ब्राव्हो’ म्हटलं, लगेच जुळलं.

टिंब-रेघांचा मोर्स कोड नंतर बघू. आठवडाभर नुसतं ऐक, मग बटण दाब.